चाळिशी लागली, पण चष्मा नको?

सुईत दोरा ओवताना हात लांब जायला लागला, की डोळ्यातलं भिंग ताठर होतंय असं समजा. चाळिशीनंतर हे सगळ्यांचंच होतं. चष्म्याऐवजी कॉन्टॅक्ट लेन्स वापरायची असेल तर मल्टिफोकल घेता येते. एकाच लेन्समध्ये लांबचा आणि जवळचा नंबर असतो, पण नजर सरावायला आठवडा-दोन आठवडे जातात. दुसरा मार्ग मोनोव्हिजन, म्हणजे एक डोळा लांबचं बघणार, दुसरा जवळचं. यात अंतराचा अंदाज थोडा चुकतो. रात्री पुणे हायवेवर गाडी चालवणाऱ्यांनी आधी विचार करावा. लांबच्या नंबरची लेन्स लावून वाचायला साधा चष्मा, हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि मला तरी तोच बरा वाटतो.

विकत घेण्याआधी ट्रायल लेन्स मागा, आणि ती लावून घरी, दुकानात, मोबाइलवर वापरून बघा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पंख्याखाली डोळे लवकर कोरडे पडतात. रोज टाकून द्यायच्या लेन्स इथे सोयीच्या. लेन्स नळाच्या पाण्याने कधीच धुऊ नका. आणि शेंगाचटणी खाल्लेल्या हाताने, साबण लावून धुतल्याशिवाय, लेन्सला हात लावलात तर मग बोंब ठोका!