युरोपीय ऐतिहासिक पोशाख शिवताना या चुका टाळा

भाषांतरित नाटक असो, एकांकिका स्पर्धा असो की कॉसप्ले, 'जुना युरोपियन ड्रेस' एवढ्या माहितीवर कापड आणलं गेलं की काम तिथेच बिघडतं. युरोपात १५९०, १७७०, १८०५ आणि १८६० या चार वर्षांतल्या बायकांच्या पोशाखात कंबर वेगवेगळ्या जागी आहे, घेर वेगवेगळ्या आधारावर उभा आहे आणि बाहीचा कापही एकसारखा नाही. शतक सांगून भागत नाही, दशक ठरवावं लागतं. १८०५ मध्ये कंबररेषा छातीच्या लगेच खाली असते, १८३० पर्यंत ती आपल्या जागी परत आलेली असते. १८७२ मध्ये मागे फुगलेला घेर १८७८ मध्ये अंगासरशी बसलेला दिसतो आणि १८८५ मध्ये आणखी टोकदार होऊन पुन्हा मागे उभा राहतो. दशक ठरल्याशिवाय दुकानात जाऊच नये.

पुढची बरीचशी चर्चा १७७० च्या आसपासच्या गाऊनबद्दल आहे, कारण सगळ्यात जास्त शिवला जातो तोच आणि सगळ्यात जास्त बिघडतोही तोच.

आधी गाऊन, मग आतले कपडे

ही सगळ्या चुकांची आई. क्रम नेहमी तोच असतो. शिंपी ब्लाउजसारखी मापं घेतो, गाऊन शिवून तयार होतो, सगळे खूश होतात. मग रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी कॉर्सेट (पट्ट्या घालून ताठ केलेली, नाडीनं आवळायची आतली चोळी) येते, खाली दोन परकर येतात, आणि गाऊन पुढून चार बोटं उघडा राहतो. कारण साधं आहे. कॉर्सेट फक्त कंबर बारीक करत नाही, ती धडाचा आकारच बदलते. अठराव्या शतकातल्या कॉर्सेटमध्ये पुढचा भाग सपाट होतो, छाती वर सरकते, खांदे मागे जातात, पाठ ताठ होते आणि धड वरून खाली निमुळतं होत जातं. छातीचा आणि पाठीचा प्रत्येक आकडा बदलतो. मग घाईघाईनं बाजूच्या शिवणी उसवल्या जातात, बाही ओढली जाते, मुंढ्यात सुरकुत्या पडतात, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "कॉर्सेट राहू दे, तशीच घाल." इतका खर्च करून रंगमंचावर दिसतो तो ढगळ नाइटगाऊन.

गाऊनच्या अस्तरातच प्लास्टिकच्या पट्ट्या घालणं हा यावरचा लोकप्रिय शॉर्टकट आहे. तो टाळा. शरीराचा दाब थेट वरच्या रेशमावर येतो, आडव्या चुण्या पडतात आणि परकरांचं वजन शिवणींवर लोंबतं. ज्यांना कॉर्सेटसाठी आठवडा द्यायचा नाही, त्यांनी १७७० निवडू नये. १८०५ चा मलमलीचा गाऊन निवडावा, त्याला आधार खूप कमी लागतो.

शिवायचा क्रम आतून बाहेर असावा. आधी शिफ्ट, म्हणजे अंगालगतचा लिननचा किंवा जाड सुती सैल झगा. तो आयत, त्रिकोण आणि काखेतला चौकोनी तुकडा एवढ्यांतच बसतो, कापड जवळजवळ वाया जात नाही. घाम हाच शोषतो आणि धुवायचाही हाच, वरचा गाऊन नव्हे. मग कॉर्सेट, कंबरेला बांधायचे खिसे, नितंबांवरची उशी, परकर आणि सगळ्यात शेवटी गाऊन.

कॉर्सेटचं माप असं घ्या. कंबर ७६ सेंटिमीटर असेल तर आवळल्यावर ती ७१ व्हावी, त्याहून कमी नको. कॉर्सेट स्वतः ६६ ची कापा, म्हणजे मागे साधारण ५ सेंटिमीटरची फट राहील. ही फट चूक नाही, आवळायला जागा लागतेच. संग्रहालयातल्या कॉर्सेटची बंद कंबर मोजून 'त्या बायकांची कंबर १८ इंच होती' असं सांगणारे नेमकी ही फट विसरतात.

त्या काळी कॉर्सेट ताठ ठेवायला देवमाशाच्या तोंडातल्या बलीनच्या लवचीक पट्ट्या घालत. त्याला घरगुती पर्याय म्हणजे ८ मिलिमीटर रुंदीचा जाड केबल टाय. टाय सरकवायची शिवलेली नळी ९ ते १० मिलिमीटरची ठेवा. टायची टोकं गोल घासा आणि नळीपेक्षा दोन्हीकडून ३-४ मिलिमीटर आखूड कापा, नाहीतर महिन्याभरात कापड फोडून बाहेर येतात. दोन थर जाड सुती कॅनव्हासचे, आत अस्तर. आधी सगळं धुवून इस्त्री करा.

नाडीची भोकं पंचनं पाडू नका. पंच धागे कापतो, आणि ओढ बसली की भोक फाटत जातं. आरीनं धागे बाजूला सारून भोक मोठं करा आणि काजाच्या दोऱ्यानं भोवती दाट टाके घाला. धातूचे आयलेट १८२० च्या दशकात आले, त्यामुळे त्याआधीच्या पोशाखात ते दिसता कामा नयेत. नाडी एकच असते आणि ती सर्पिल जाते, बुटाच्या लेससारखी फुलीची नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंची भोकं समोरासमोर पाडू नका. अगदी वरची (आणि जमल्यास खालची) जोडी समोरासमोर, मधली सगळी अर्ध्या अंतरानं सरकवलेली. समोरासमोरच्या भोकांत सर्पिल नाडी घातली की एक बाजू वर चढते आणि मागून पाठ वाकडी दिसते.

मांजरपाटाचा नमुना शिवून अर्धा तास घालायला लावा. खुर्चीवर बसा, जिना चढा, हात वर करा. काखेत बोचत असेल तर खडूनं खूण करून तिथे कमी करा. एवढं झाल्यावर, कॉर्सेट आणि परकर अंगावर असतानाच गाऊनची मापं घ्या. जुनी मापवही त्या दिवशी कपाटात राहू दे.

घेरासाठी अंब्रेला कट

आपल्याकडच्या शिंप्याला घेर म्हटलं की कळ्या किंवा अंब्रेला आठवतो. १७७० चा घेर सरळ पन्ह्यांचा आहे. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात विणलेल्या रेशमाचा पन्हा जेमतेम २० इंच असायचा. असे पाच-सहा पन्हे शेजारी शेजारी जोडायचे आणि वर चुण्या घालायच्या. खालचा घेर साधारण ३ मीटर. महागडं कापड तिरकं कापून वाया घालवायला कुणी तयार नव्हतं, कारण तोच गाऊन पुढे उसवून नव्या फॅशनचा करायचा असे. वर निमुळत्या होत जाणाऱ्या कळ्यांचे घागरे रूढ होतात ते १८६० च्या दशकात.

यातच दडलेली दुसरी चूक म्हणजे उंची खालून सारखी करणं. नितंबांवर उशी आली की कापड तिथे उचललं जातं आणि खालची कड वरखाली होते. शिंपी खालची कड गोल कापतो. मग भरतकामाची किंवा छापाची पट्टी वाकडी जाते. कड धाग्यावर सरळच ठेवा. उशी बांधून परकर अंगावर लावा, कड जमिनीपासून एकसारखी येईपर्यंत वरून, कमरेकडून कापड खाली सोडा किंवा वर घ्या, तिथे खूण करा, जादा कापड पट्टीत दाबा. दोन्ही बाजूंना २५ सेंटिमीटरची उघडी फट ठेवा, म्हणजे आतल्या खिशापर्यंत हात जातो. नेफा नको. पुढच्या अर्ध्याची नाडी मागे बांधायची, मागच्या अर्ध्याची पुढे.

मुंढा लहान आणि काखेत वर असावा. 'हात हलायला जागा हवी' म्हणून तो मोठा कापला की उलटंच घडतं, हात वर केला की सगळा गाऊन वर येतो.

चित्रात दिसलं, तसंच शिवलं

इंग्लिश चित्रकार थॉमस गेन्सबरोचं 'ब्लू बॉय' हे चित्र साधारण १७७० चं. निळ्या साटनमधला मुलगा, लेसची कॉलर, चिरा असलेल्या बाह्या. चित्राखाली १७७० दिसलं की लोक निर्धास्तपणे तो पोशाख १७७० च्या मुलासाठी शिवतात, आणि शेजारी उभ्या राहणाऱ्या आईला खरा १७७० चा गाऊन घालतात. पण त्या मुलाच्या अंगावर आहे तो १६३० च्या दशकातला, चित्रकार व्हॅन डाइकच्या काळातला वेष. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंतांना अशा जुन्या वेषात चित्र काढून घ्यायची हौस होती. म्हणजे माधवराव पेशव्यांच्या दरबाराच्या प्रसंगात एकच माणूस शहाजीराजांच्या काळच्या कपड्यांत उभा करण्यासारखं झालं. १७७० च्या मुलाला कोट, वेस्टकोट आणि गुडघ्यापर्यंतची ब्रीचेस द्या.

पीटर लेलीनं रंगवलेल्या सतराव्या शतकातल्या दरबारी बायकांचंही तसंच आहे. सैल, घसरणारं साटन ही चित्रापुरती मांडणी आहे. त्यावरून रस्त्यावरचा पोशाख बेतता येत नाही.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. १७८३ मध्ये चित्रकार एलिझाबेथ विजे ल ब्रननं फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिला पांढऱ्या मलमलीच्या साध्या गाऊनमध्ये रंगवलं. राणीला जणू अंतर्वस्त्रात दाखवलं म्हणून पॅरिसच्या सलोन या चित्रप्रदर्शनात गदारोळ झाला, चित्र काढून घ्यावं लागलं आणि रेशमी पोशाखातलं दुसरं लावलं गेलं. तो गाऊन खरा होता, पण राजदरबारी समारंभात तो चालत नव्हता. चित्रातला कपडा खरा ठरला तरी तो कुठे घालायचा हे वेगळं शोधावं लागतं.

संग्रहालयातला कपडाही डोळे मिटून मोजू नका. अठराव्या शतकातले कितीतरी गाऊन एकोणिसाव्या शतकात फॅन्सी ड्रेससाठी उसवून पुन्हा शिवले गेले. मशीनची टीप, छातीवर उगाच आलेले डार्ट, मागे हुकांची रांग, जुन्या शिवणीच्या भोकांच्या रिकाम्या ओळी, यांतलं काही दिसलं की तो भाग नमुन्यासाठी वापरू नये. माझा नियम असा: एकाच दशकातली तीन चित्रं आणि दोन खरे कपडे एकमेकांशी जुळल्याशिवाय कात्री उचलायची नाही.

कापड आणि रंग

रॉ सिल्कच्या गाठी आपल्याला अस्सल वाटतात, पण त्या काळच्या युरोपीय विणकराच्या दृष्टीनं तो दोष होता. गुळगुळीत, कडक तफेता घ्या. चमकदार पॉलिएस्टर साटन दिव्यांखाली लगेच ओळखू येतं. बजेट नसेल तर साधं सुती किंवा लिनन घ्या, ते जास्त खरं दिसतं.

भडक जांभळा १८५६ च्या आधी नको. त्या वर्षी १८ वर्षांच्या विल्यम पर्किनला कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या रसायनांवर प्रयोग करताना मॉव्ह हा जांभळा कृत्रिम रंग हाती लागला. झगझगीत मजेंटा त्यानंतर तीन वर्षांनी आला.

छापील सुती कापड वापरायला हरकत नाही, उलट ते आपल्याच कोरोमंडल किनाऱ्यावरून जायचं. मात्र वर्ष पाहा. फ्रान्समध्ये १६८६ ते १७५९ या काळात त्यावर बंदी होती, आणि इंग्लंडमध्ये १७२१ पासून १७७४ पर्यंत बहुतेक छापील सुती कापड अंगावर घालायलाही मनाई होती. लोक तरीही घालत, पण कायदा पाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या बायकोला ते घालायला देऊ नका. पांढऱ्या जमिनीवर वेली-फुलं असलेलं कापड निवडा, साडीचा काठ आणि पदर कापून लावू नका.

नायलॉनची लेस अजिबात नको. चांगली लेस परवडत नसेल तर बारीक मलमलीची झालर लावा.

एका ओळीच्या चुका

मागे चेन: कपड्यांच्या फॅशनमध्ये ती १९३० च्या दशकात रुळली, १७७० च्या गाऊनला पुढून टाचण्या किंवा लपवलेले हूक.

इलॅस्टिकचे मोजे-बंद: गुडघ्याशी विणलेली पट्टी बांधा. मोजे आणि बूट कॉर्सेटच्या आधी घाला, नंतर वाकता येत नाही.

सरसकट पांढरा विगः केसांना पावडर हा विशिष्ट वर्गाचा थाट होता. १७९५ मध्ये इंग्लंडनं त्यावर कर बसवला आणि हा थाट झपाट्यानं ओसरला.

प्रत्येक नवरीला पांढरा गाऊन: राणी व्हिक्टोरियानं १८४० मध्ये पांढरं घातलं, पण त्यानंतरही कितीतरी जणी पुन्हा वापरता येईल अशा रंगीत पोशाखातच लग्न करत.

सोळाव्या शतकातल्या गळ्याभोवतीच्या रफला बकरम लावणं: रफ बारीक लिननची, स्टार्चमध्ये घट्ट केलेली आणि गरम सळईवर वळवलेली असते. बकरमची रफ कागदी दिसते.

क्रिनोलिन आणि आग

घेर फुगवणारा पोलादी कड्यांचा क्रिनोलिन पिंजरा १८५६ मध्ये आला. १८४० च्या पोशाखाखाली तो घालू नका, तिथे कडक परकरांचे थर हवेत. १८५८ ला तो गोल घुमटासारखा असतो, १८६५ ला पुढून सपाट आणि मागे लांब. त्याच्यावर किमान एक परकर घाला, नाहीतर कडी गाऊनमधून उमटतात.

आणि ज्योतीपासून लांब राहा. पॅरिस ऑपेराची नर्तिका एमा लिव्री हिच्या घागऱ्याला नोव्हेंबर १८६२ मध्ये तालमीत गॅसच्या दिव्यावर आग लागली, आणि आठ महिन्यांनी ती दगावली. आग न धरणारं प्रक्रिया केलेलं कापड उपलब्ध होतं. ते ताठ आणि मळकट दिसतं म्हणून तिनं नाकारलं होतं. आजही पणत्या, मेणबत्त्या आणि फुललेला मलमलीचा घेर एकाच रंगमंचावर आणले जातात. विजेवरच्या मेणबत्त्या वापरा. आणि सुती कापड २०० ग्रॅम बोरॅक्स, ८५ ग्रॅम बोरिक अॅसिड आणि २ लिटर गरम पाणी या मिश्रणात बुडवून, न पिळता वाळवा. आधी एक पट्टी बुडवून, वाळवून, अंगणात काडी लावून पाहा: ज्योत काढली की ती विझायला हवी. पॉलिएस्टरवर हे चालत नाही. कपडा धुतला की मिश्रण निघून जातं, म्हणून प्रत्येक धुण्यानंतर पुन्हा बुडवावं लागतं.