जीवनसत्त्व पेशीत नेमके काय करते, हे रेणूपर्यंत जाऊन कसे समजून घ्यावे

जीवनसत्त्वांविषयी शाळेपासून आपल्या हाती येतात त्या जोड्या: ‘अ’ डोळ्यांसाठी, ‘क’ हिरड्यांसाठी, ‘ड’ हाडांसाठी. या जोड्या खोट्या नाहीत, पण त्या पाठ करून समज वाढत नाही. कारण जीवनसत्त्वाची गरज डोळ्याला किंवा हाडाला अवयव म्हणून नसते, तर तिथल्या पेशींमधील एखाद्या ठरावीक प्रथिनाला असते. ते प्रथिन कोणते आणि जीवनसत्त्वाच्या मदतीने ते कोणता रासायनिक बदल घडवते, एवढे शोधता आले की अभावाची लक्षणे, रक्ततपासणीतील आकडे, औषधांबरोबरची पथ्ये आणि अतिसेवनाचे धोके एका सूत्रात बसू लागतात. हे शोधायचे कसे, ते पुढे सांगितले आहे. जवळ कागद आणि पेन्सिल असावी, कारण प्रत्येक जीवनसत्त्वाची एक साखळी लिहून काढायची आहे: मूळ रेणू, त्याचे कार्यकारी रूप, त्याचे प्रथिन, घडणारी अभिक्रिया, आणि ती थांबल्यास साचणारा किंवा कमी पडणारा पदार्थ.

आरंभी एक समजूत बाजूला ठेवावी लागते. जीवनसत्त्वे ऊर्जा देत नाहीत. कर्बोदके आणि स्निग्ध पदार्थ जळतात, जीवनसत्त्व जळत नाही. प्रौढ माणसाला ब-12 दिवसाला अवघे दोन-चार मायक्रोग्रॅम लागते, आणि एवढ्याशा पदार्थावर शरीर चालते याचे कारण असे की त्याचा एकेक रेणू तेच काम पुन्हा पुन्हा करतो. म्हणून कोणत्याही जीवनसत्त्वाबाबत ‘ते कुठे खर्च होते’ यापेक्षा ‘ते कुठे बसते आणि काम झाल्यावर पूर्ववत कसे होते’ हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

पहिली पायरी: कार्यकारी रूप शोधा

अन्नात किंवा गोळीत असलेला रेणू बहुधा जसाच्या तसा कामाला येत नाही. पेशी त्याला आधी घडवून घेते. ब-1 म्हणजे थायमिनला दोन फॉस्फेट गट जोडले जातात आणि थायमिन पायरोफॉस्फेट तयार होते. ब-2 पासून एफएमएन आणि एफएडी, नायसिनपासून एनएडी आणि एनएडीपी, पँटोथेनिक आम्लापासून सहविकर-अ (कोएन्झाइम-ए; सहविकर म्हणजे विकराला साथ देणारा लहान रेणू), तर ब-6 पासून पायरिडॉक्सल फॉस्फेट बनते. या यादीतील प्रत्येक रूपात फॉस्फेट आहे. फॉस्फेटवरील ऋण प्रभारामुळे रेणूला स्निग्ध पेशीपटल सहज ओलांडता येत नाही, म्हणून तो पेशीत अडकून राहतो, आणि पुष्कळदा विकराला (अभिक्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला, एन्झाइमला) त्याला धरायला तीच मूठ उपयोगी पडते.

ड जीवनसत्त्वाचा प्रवास याहून लांबचा आहे. त्वचेतील 7-डीहायड्रोकोलेस्टेरॉलवर अतिनील किरण पडले की त्यातील एक वलय उघडते आणि ड-3 बनते; यकृत त्याच्या पंचविसाव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट बसवते, आणि मूत्रपिंड पहिल्या कार्बनवर आणखी एक. खरे काम करणारा रेणू हा शेवटचा, कॅल्सिट्रायॉल. रक्ततपासणीत मात्र साधारणपणे यकृतातून आलेले मधले रूप मोजले जाते, कारण ते रक्तात दोन-तीन आठवडे टिकते आणि साठ्याचा अंदाज देते, तर कॅल्सिट्रायॉल काही तासांतच नाहीसे होते. मूत्रपिंड निकामी होत असलेल्या रुग्णात साठ्याचा आकडा बरा असूनही हाडे का खंगतात, याचे एक मोठे कारण या पायरीतच दडलेले असते.

दुसरी पायरी: प्रथिन आणि अभिक्रिया जोडा

येथे वाचनाचा वेग मुद्दाम कमी करावा. ‘चयापचयाला मदत करते’ असे वाक्य दिसले तर ते उत्तर मानू नये. कोणत्या बंधावर, कोणत्या अणूच्या साहाय्याने, हे विचारावे. थायमिनचे उदाहरण त्यासाठी उत्तम आहे. त्याच्या एका वलयात नायट्रोजन आणि गंधक यांच्या मधोमध एक कार्बन अणू असतो, आणि तो आपला हायड्रोजन प्रोटॉनच्या रूपात सहज सोडतो. उरलेला ऋण प्रभाराचा कार्बन पायरुव्हेटवर चाल करतो, त्याला धरून ठेवतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटू देतो. रसायनशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्रेस्लो यांनी 1958 मध्ये मांडलेली ही यंत्रणा समजली की थायमिनच्या अभावाने होणारा बेरीबेरी हे केवळ रोगाचे नाव राहत नाही. ग्लुकोजपासून आलेले पायरुव्हेट तंतुकणिकेतील (मायटोकाँड्रियातील) पुढच्या टप्प्यात शिरू शकत नाही, त्यामुळे लॅक्टिक आम्ल साचते, आणि ज्यांना अखंड ऊर्जा लागते त्या मज्जापेशी व हृदयाचे स्नायू आधी कोलमडतात. थायमिनचा तीव्र अभाव असलेल्या रुग्णाला थायमिनशिवाय नुसते ग्लुकोज दिल्यास मेंदूची इजा वाढू शकते, हा वैद्यकातील इशाराही याच एका कार्बन अणूपर्यंत जाऊन पोहोचतो.

क जीवनसत्त्वाचे काम निराळ्या जातीचे आहे. (मराठीत लिहिताना ‘क’ आणि ‘के’ ही दोन वेगळी जीवनसत्त्वे आहेत, हे लक्षात ठेवावे, त्यांची गल्लत फार होते.) कोलॅजनच्या साखळीतील प्रोलिन आणि लायसिन या अमिनो आम्लांवर हायड्रॉक्सिल गट बसवणाऱ्या विकरांच्या गाभ्यात लोहाचा एक अणू असतो. हा अणू फेरस, म्हणजे दोन धन प्रभारांच्या, अवस्थेत असेल तरच विकर चालते. तो इलेक्ट्रॉन गमावून ऑक्सिडीभूत झाला तर विकर ठप्प होते. क जीवनसत्त्व इलेक्ट्रॉन देऊन लोहाला फेरस अवस्थेत परत आणते. हायड्रॉक्सिल गटांशिवाय कोलॅजनच्या तीन साखळ्यांचा पीळ शरीराच्या तापमानाला टिकत नाही, तो उलगडतो, आणि मग रक्तवाहिन्यांच्या भिंती, हिरड्या, जुन्या जखमांचे व्रण हे सारे सैलावते. क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्हीचे वर्णन असे एका लोहाच्या अणूपासून सुरू करता येते. बहुतेक सस्तन प्राणी हे जीवनसत्त्व स्वतः बनवतात. माणसात त्यासाठी लागणाऱ्या शेवटच्या विकराचे जनुक निकामी झालेले आहे, म्हणून आपल्याला ते अन्नातून घ्यावे लागते.

के जीवनसत्त्वाची साखळी मला सर्वांत शिकवणारी वाटते, कारण तीत जीवनसत्त्व, विकर आणि औषध ही तिन्ही एका वर्तुळात दिसतात. रक्त गोठवणाऱ्या दुसऱ्या, सातव्या, नवव्या आणि दहाव्या घटकांतील काही ग्लुटामिक आम्लांवर एक जादा कार्बॉक्सिल गट बसवला जातो. एका जागी दोन ऋण प्रभार आल्यामुळे तिथे कॅल्शियम घट्ट धरले जाते, आणि त्या कॅल्शियमच्या आधारे हा घटक जखमेजवळील पेशीपटलावर रोवला जातो. हा गट बसवताना के जीवनसत्त्वाचे क्षपित (इलेक्ट्रॉन मिळालेले) रूप ऑक्सिडीभूत होऊन इपॉक्साइड बनते. दुसरे एक विकर त्याला पुन्हा पूर्ववत करते आणि चक्र चालू राहते. वॉर्फरिन हे रक्त गोठणे कमी करणारे औषध नेमके हे दुसरे विकर अडवते. त्यामुळे वॉर्फरिन घेणाऱ्याने आहारातील के जीवनसत्त्वाचे प्रमाण एकदम वाढवू वा घटवू नये, ते स्थिर ठेवावे आणि कोणताही बदल डॉक्टरांना सांगूनच करावा, या सूचनेचा अर्थ उलगडतो. औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस का लागतात, हेही कळते: आधी तयार होऊन रक्तात फिरणारे चांगले घटक संपावे लागतात, आणि त्यांतील प्रोथ्रॉम्बिन (दुसरा घटक) तर दोन-तीन दिवस रेंगाळते.

अ आणि ड यांच्याकडे वळताना प्रश्न बदलावा लागतो, कारण त्यांचे मुख्य काम विकरामार्फत होत नाही. कॅल्सिट्रायॉल केंद्रकातील ग्राही (रिसेप्टर) प्रथिनाला चिकटते, त्या ग्राहीची आरएक्सआर या दुसऱ्या प्रथिनाशी जोडी जमते, आणि ही जोडी डीएनएवरील ठरावीक क्रमावर बसून शेजारच्या जनुकांचे वाचन वाढवते किंवा घटवते. आतड्याच्या पेशींत त्यामुळे कॅल्शियम आत घेणारी मार्गिका आणि त्याला पेशीतून पलीकडे नेणारे प्रथिन अधिक तयार होते. याच जनुकांमध्ये कॅल्सिट्रायॉलचाच नाश करणाऱ्या विकराचे जनुकही असते, म्हणजे संदेश आपला शेवट स्वतःबरोबरच घेऊन येतो. अ जीवनसत्त्वाचे रेटिनॉइक आम्ल हे रूप अशाच ग्राहींमार्फत पेशींची वाढ आणि विशेषीकरण नियंत्रित करते. त्याच जीवनसत्त्वाचे रेटिनल हे रूप मात्र डोळ्यातील ऑप्सिन या प्रथिनाशी जोडलेले असते आणि प्रकाशाचा कण पडताच सेकंदाच्या अब्जांशापेक्षाही कमी वेळात त्याचा वाकलेला आकार सरळ होतो. एकाच मूळ रेणूची दोन कामे, एक क्षणार्धात होणारे आणि एक तासा-दिवसांत उमटणारे. साखळी लिहिताना या दोन रूपांना दोन वेगळ्या ओळी द्याव्यात.

ई जीवनसत्त्वाला विकर शोधत बसू नये. ते पेशीपटलाच्या स्निग्ध थरात राहते आणि तिथे सुरू झालेली ऑक्सिडीभवनाची साखळी आपला हायड्रोजन देऊन तोडते. नंतर क जीवनसत्त्व त्याला पूर्ववत करू शकते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. परीक्षानळीत एखादा रेणू ऑक्सिडीभवन रोखतो, एवढ्यावरून तो माणसात रोग रोखेल असा निष्कर्ष काढता येत नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 1994 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा बीटा-कॅरोटीन (अ जीवनसत्त्वाचे पूर्वरूप, हाही ऑक्सिडीभवन रोखणारा रेणू) घेणाऱ्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी वाढलेले आढळले.

तिसरी पायरी: साखळी तोडून पाहा

आता लिहिलेल्या साखळीतील कार्यकारी रूप पेन्सिलीने खोडावे आणि काय साचेल, काय कमी पडेल, ते आधी स्वतः लिहून मगच पुस्तकातील लक्षणांशी ताडून पाहावे. या सरावासाठी फोलेट (ब-9; गोळीतील त्याचे रूप म्हणजे फॉलिक आम्ल) आणि ब-12 यांची जोडी मी आवर्जून सुचवतो.

मानवी पेशीत ब-12 वर अवलंबून असलेली विकरे दोनच आहेत. एक, मेथिओनिन सिंथेज: ते मिथाइल फोलेटवरील मिथाइल गट घेऊन होमोसिस्टीनचे मेथिओनिन करते. दुसरे तंतुकणिकेत असते आणि मिथाइलमॅलोनिल सहविकर-अ याचे सक्सिनिल रूपात रूपांतर करते. ब-12 खोडले की पहिल्या ठिकाणी होमोसिस्टीन साचते, दुसऱ्या ठिकाणी मिथाइलमॅलोनिक आम्ल. शिवाय फोलेट मिथाइल रूपात अडकून पडते, कारण तो गट उतरवून घेणारे दुसरे कोणी नसते. अडकलेले फोलेट डीएनएसाठी थायमिडीन बनवण्याच्या कामी येत नाही, अस्थिमज्जेतील वेगाने विभागणाऱ्या पेशींची विभागणी रखडते, आणि मोठ्या आकाराच्या तांबड्या पेशींचा रक्तक्षय दिसतो. फोलेटच्या अभावातही रक्तक्षय हुबेहूब असाच असतो. फरक कसा करायचा? साखळीत उत्तर आहे: होमोसिस्टीन दोन्ही अभावांत वाढते, मिथाइलमॅलोनिक आम्ल केवळ ब-12 च्या अभावात. आणि ब-12 कमी असताना नुसते फॉलिक आम्ल भरपूर दिले तर बाहेरून नवे, न अडकलेले फोलेट मिळाल्याने रक्त सुधारते, पण ब-12 च्या अभावाने होणारी मज्जातंतूंची हानी चालूच राहते. म्हणून कारण न शोधता केलेला रक्तक्षयाचा उपचार धोक्याचा ठरू शकतो.

चौथी पायरी: जास्त दिल्यास काय, हे विचारा

प्रत्येक विकराच्या रेणूत सहविकराला बसण्याच्या जागा मोजक्या असतात. त्या भरल्या की आणखी जीवनसत्त्व देऊन अभिक्रियेचा वेग वाढत नाही. शोषणालाही मर्यादा आहे: क जीवनसत्त्वाची दैनंदिन मात्रा एक ग्रॅमच्या वर गेली की शोषले जाणारे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते आणि शोषलेले जादा लघवीवाटे जाते. परंतु यावरून ‘पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे कितीही घ्या’ असे म्हणणे चूक आहे. ब-6 च्या मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेतल्यास संवेदी मज्जातंतूंना इजा होते. जनुकांचे वाचन बदलणाऱ्या जीवनसत्त्वांबाबत तर जादा मात्रा म्हणजे जादा संदेश. ड अति झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते, आणि गरोदरपणात अ जीवनसत्त्वाचे रेटिनॉल रूप अति प्रमाणात गेल्यास गर्भाच्या अवयवांच्या घडणीत दोष येऊ शकतात, कारण रेटिनॉइक आम्ल गर्भात कोणत्या पेशींनी कधी काय व्हायचे याचा संकेत म्हणून वापरले जाते.

सरावासाठी शेवटी बायोटिन घ्यावे. ते कार्बॉक्सिलेज विकरांतील लायसिनला पक्क्या बंधाने जोडले जाते आणि कार्बन डायऑक्साइडचा गट एका जागेवरून दुसऱ्या जागेवर वाहून नेते. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यातील अ‍ॅव्हिडिन हे प्रथिन बायोटिनला विलक्षण घट्ट धरते, म्हणून ते दीर्घकाळ खाल्ल्यास अभाव होतो. शिजवल्यावर प्रथिनाची घडी मोडते आणि ही पकड सुटते. त्याच जातीच्या, जिवाणूंपासून मिळणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिनची हीच पकड अनेक रक्ततपासण्यांमध्ये वापरली जाते. त्यामुळे केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातील जादा बायोटिन तपासणीतील जागा अडवते आणि थायरॉइडच्या संप्रेरकांचे किंवा हृदयाच्या इजेत वाढणाऱ्या ट्रोपोनिनचे आकडे चुकीचे येऊ शकतात. अशा तपासणीसाठी रक्त देण्यापूर्वी आपण बायोटिन घेत आहोत, किती घेत आहोत आणि शेवटची गोळी कधी घेतली, हे डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेला सांगावे.