मांज्यातली घार आणि केळीचं खोकं
संक्रांतीच्या आसपास आमच्या सावद्याच्या पॅकिंग शेडवर दरवर्षी एखादी तरी घार येते. उडत नाही, गोणपाटात येते. पोरं म्हणतात, "भो, हिचं बघ ना काहीतरी." मी केळी भरणारा माणूस, डॉक्टर नाही. पण खोकी माझ्याकडे असतात, आणि घारीला आधी तेच लागतं.

मांजा ओढायचा नाही. नायलॉनच्या मांज्यावर हरित लवादाची 2017 पासून बंदी आहे, तरी गल्लीत मिळतोच. ओढला की पंखाच्या पुढच्या कडेची पातळ कातडी चिरत जातो. रुतलेला तुकडा तसाच ठेवून दोन्हीकडून कात्रीनं कापा, तो डॉक्टर काढेल. विजेच्या तारेवर असेल तर मात्र हात लावू नका, वायरमनला बोलवा.

धरताना मागून टॉवेल टाका, डोक्यासकट. अंधार झाला की ती गप्प होते. लोक चोचीला भितात. खरी भीती नख्यांची. माझ्या डाव्या अंगठ्यावर अजून खूण आहे. पंख अंगाशी मिटवून धरा, पाय आपल्यापासून लांब.

मग खोकं. एक्स्पोर्टच्या खोक्याला भोकं आयतीच असतात. तळाची मोठी भोकं पुठ्ठ्यानं झाका, वर गोणपाट अंथरा. पेपरवर तिचे पाय घसरतात. जाळीचा पिंजरा नको, धडपडून पिसं मोडतात आणि मोडलेलं पीस गळून नवं येईपर्यंत तसंच राहतं. झाकण लावलं की लावलं. फोटोसाठी उघडू नका!

पाणी पाजू नका. पहिल्या वर्षी मी चमच्यानं चोचीत पाणी घातलं. जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं, हे नंतर कळलं. सकाळी खोक्यात मेलेली होती. दूध-पोळीचंही तेच.

लगेच 1926 ला, वनखात्याला फोन करा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घार घरी ठेवणं गुन्हा आहे. शिवाय मोडलेलं हाड वाकडं जुळलं तर उडणं संपलं. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत पांढऱ्या डोक्याचे बाल्ड ईगल दिसतात ना, त्यातले बरेच असेच जखमी होऊन आलेले, पुन्हा उडू न शकणारे. जन्मभर पिंजऱ्यात.

खोकं नेताना त्यावर मार्करनं लिहा: कोणत्या शिवारात, किती वाजता सापडली. बरी झाली तर तिथंच सोडतात.