वेफेअररवरचे अपील आणि इमारतीचा इतिहास : या चुका टाळा

इन्ग्रेस किंवा पोकेमॉन गो हे मोबाइलवरचे नकाशाधारित खेळ खेळता खेळता जे वेफेअररवर, म्हणजे या खेळांच्या नकाशासाठी ठिकाणे सुचवण्याच्या संकेतस्थळावर, नवी ठिकाणे सुचवू लागतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचे एखाद्या वाड्याचे, धर्मशाळेचे किंवा वेशीचे नामांकन कधी ना कधी फेटाळले जातेच. मग राग येतो आणि तो जसाच्या तसा अपिलात उतरतो : ‘इमारत दीडशे वर्षांपूर्वीची आहे, परीक्षकांनी नीट पाहिलेसुद्धा नाही.’ अपील म्हणजे परीक्षकांविरुद्धची, म्हणजे नामांकने तपासणाऱ्या इतर खेळाडूंविरुद्धची, तक्रार नव्हे. ते पुन्हा खेळाडूंकडे न जाता वेफेअरर चालवणाऱ्या कंपनीच्या बाजूने तपासले जाते, आणि तपासणाऱ्याला मराठी येत असेल, सदाशिव पेठ कुठे आहे हे ठाऊक असेल किंवा तुमच्या अर्जासाठी त्याच्याकडे निवांत वेळ असेल, असे गृहीत धरण्याचे काहीच कारण नाही. त्याला जागेवरून न उठता पडताळता येईल असा पुरावा देणे, एवढेच आपल्या हातात असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे जुने आणि ऐतिहासिक हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरणे. पुण्यातला भिडे वाडा बांधणीच्या दृष्टीने शहरातल्या इतर अनेक वाड्यांसारखाच होता; त्याचे महत्त्व १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तिथे सुरू केलेल्या मुलींच्या शाळेमुळे होते. अशा वास्तूविषयी लिहिताना लाकडी खांबांचे वर्णन करत बसण्यापेक्षा कोण, केव्हा आणि काय या तीन गोष्टी पहिल्याच वाक्यात याव्यात. याच वाड्याचे दुसरे उदाहरण उलट्या बाजूचे आहे. ती इमारत डिसेंबर २०२३ मध्ये पाडली गेली, आणि जी वस्तू आज जागेवर उभी नाही तिचे नामांकन इतिहास कितीही मोठा असला तरी टिकत नाही. तिथे स्मारक किंवा फलक असेल तर तोच नामांकनाचा विषय करावा लागतो.

लाल महालाच्या बाबतीत घोटाळा वेगळा होतो. शिवाजी महाराजांचे बालपण आणि १६६३ चा शाहिस्तेखानावरचा छापा या घटना त्या जागेशी जोडलेल्या आहेत, पण आज दिसणारी इमारत महानगरपालिकेने विसाव्या शतकात उभारलेली आहे. ‘सतराव्या शतकातील इमारत’ असे लिहिले की एका साध्या शोधात ते खोटे ठरते, आणि मग उरलेल्या खऱ्या माहितीवरचाही विश्वास जातो. जागेचा इतिहास आणि इमारतीचे वय ही दोन वाक्ये नेहमी वेगळी लिहावीत.

माझी स्वतःची चूक मात्र याहून साधी होती. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातील धर्मशाळेच्या दारावर चुन्याखाली अर्धवट बुजलेला लेख आहे : ‘शके १८१२ विकृतिनाम संवत्सरे’. मी त्याचे छायाचित्र जोडले, वर्णनात ‘१८१२’ असा आकडा लिहिला आणि शके हा शब्द गाळला. त्यामुळे इमारत एकदम पेशवाईत जाऊन बसली, तर मागच्या भिंतीतले लोखंडी गर्डर उघड उघड इंग्रजी अमदानीचे होते. नामांकन चुकीच्या माहितीमुळे फेटाळले गेले आणि ते योग्यच होते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि तिथी जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली असेल तर ७९ मिळवावे लागतात. म्हणजे ही धर्मशाळा १८९० च्या सुमाराची. संवत्सराचे नाव इथे फार उपयोगी पडते, कारण तेच नाव साठ वर्षांनीच परत येते, त्यामुळे एखादा अंक झिजला असला तरी शक ताडून पाहता येतो. मोडी कागदांत शुहूर सन (मराठेशाहीत वापरली जाणारी अरबी कालगणना) आढळला तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. अपिलात लेखाची ओळ जशी आहे तशी देवनागरीत द्यावी, तिच्याखाली तिचे इंग्रजी भाषांतर द्यावे आणि बेरीजसुद्धा करून दाखवावी. हा पढीकपणा वाटेल, पण तपासणाऱ्याला बाहेर काहीही शोधावे लागत नाही.

पुराव्यांची निवड करताना लोक हाताशी असेल ते जोडतात. गावच्या व्हॉट्सॲप गटातला मजकूर, आपणच काल संपादित केलेले विकिपीडियाचे पान किंवा ‘आजोबा सांगायचे’ यांचा काही उपयोग होत नाही. केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत नाव असेल तर प्रश्नच मिटतो. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीनुसार केलेल्या यादीत इमारतीची श्रेणी दिलेली असते. तेव्हा ‘हेरिटेज इमारत’ असे मोघम न लिहिता यादीतला क्रमांक आणि श्रेणी लिहावी. यादीत नाव नसेल तर जुनी गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्यांची माहिती देणारे सरकारी ग्रंथ, पाहावीत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्याविषयीचा अठरावा खंड १८८५ चा आहे आणि त्यात शहरातल्या वास्तूंची नावानिशी नोंद सापडते. ‘गॅझेटियरमध्ये उल्लेख आहे’ एवढ्याने भागत नाही. भाग, पान आणि नेमके वाक्य द्यावे. दुवे अर्जातल्या पूरक माहितीच्या रकान्यात किंवा अपिलाच्या मजकुरात चालतात, खेळाडूंना दिसणाऱ्या वर्णनात ते टाकू नयेत.

इतिहास सिद्ध होऊनही अपील फेटाळले जाते, तेव्हा बहुधा नकाराचे कारणच नीट वाचलेले नसते. एकाच कुटुंबाचे राहते घर नियमांनुसार अपात्र ठरते, मग ते कोणत्याही सरदाराचे असो. शाळेच्या आवाराचेही तसेच आहे. अशा वेळी पेशव्यांशी असलेले नाते आणखी दोन परिच्छेद वाढवून काहीच साधत नाही. वाड्यात अनेक बिऱ्हाडे असतील, चौकात देऊळ असून ते सर्वांसाठी उघडे असेल किंवा पदपथालगत माहितीफलक असेल, तर ते स्पष्टपणे सांगावे आणि चालत जाणाऱ्याला तिथे सुरक्षितपणे उभे राहता येते हेही लिहावे. पुण्यात काही वास्तूंवर निळे फलक आहेत. कित्येकदा संपूर्ण वाड्याऐवजी असा फलकच नामांकनासाठी सोपा पडतो.

नकाशावरची खूण तपासायला विसरू नये. दाट पेठेत ती वीस फूट सरकली तरी शेजारचे किराणा दुकान इमारत म्हणून दिसते, आणि पथदृश्य (स्ट्रीट व्ह्यू) जुने असेल तर नवा फलक त्यात नसतोच. तसे असल्यास चित्राचा महिना पाहून तो अपिलात नमूद करावा.

मूळ छायाचित्रच धूसर असेल, किंवा ते दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून उचललेले असेल, तर अपील करूच नये. अपिलाची संधी मोजकीच मिळते आणि शब्दांनी छायाचित्र सुधारत नाही. सकाळच्या उजेडात पुन्हा जाऊन, दारावरचा लेख ओल्या फडक्याने हलकेच पुसून, स्वतः नवे छायाचित्र काढावे आणि नामांकन नव्याने भरावे. धर्मशाळेचे मी शेवटी तेच केले.