दम्याचा पंप आणि फुफ्फुसातल्या पेशी: या चुका टाळा

दम्यात श्वासनलिकेच्या अस्तरात मास्ट पेशी आणि इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) गर्दी करतात. त्यांच्यातून सुटणाऱ्या रसायनांनी अस्तर सुजतं, नलिका आकसते, चिकट कफ साठतो. या संरक्षक पेशी कमी पडलेल्या नसतात. नको तिथे खवळलेल्या असतात. म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ गोळ्यांच्या भरवशावर राहू नका.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे बरं वाटलं की सूज उतरवणारा स्टेरॉइडचा पंप सोडून देणं आणि धाप लागली की नुसतं साल्ब्युटामॉल ओढणं. साल्ब्युटामॉलने नलिकेचे स्नायू सैल होतात, काही मिनिटांत मोकळं वाटतं, पण इओसिनोफिल जागच्या जागी राहतात. आत सूज वाढत जाते आणि साध्या सर्दीचं निमित्त होऊन मोठा झटका येतो. दम्याच्या जागतिक मार्गदर्शिकेने २०१९ पासून प्रौढांना आणि किशोरांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये असं सांगितलं, ते याच धोक्यामुळे. स्टेरॉइडने सूज उतरायला दिवस, कधी आठवडे लागतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून तो थांबवू नका.

औषध लागू पडत नसेल, तर डोस वाढवण्याआधी ओढण्याची पद्धत तपासा. फवाऱ्याचा पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, पंप दाबतानाच ४-५ सेकंद सावकाश आत घ्या, १० सेकंद रोखून धरा. जोरात ओढलं तर औषध घशावरच आदळतं. जमत नसेल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावा. पावडरच्या पंपाचं नेमकं उलटं. तिथे जोरात, खोल ओढायचं, कारण त्या जोरानेच पावडर सुटते. त्यात श्वास सोडला तर दमटपणाने तिच्या गुठळ्या होतात. शेवटी चूळ भरून थुंका. तोंडात उरलेलं स्टेरॉइड तिथल्या संरक्षक पेशींनाही दाबतं आणि बुरशी धरते.

रक्ताच्या अहवालात इओसिनोफिलची नुसती टक्केवारी पाहू नका. एका मायक्रोलिटर रक्तात पांढऱ्या पेशी ५,००० असताना ६ टक्के म्हणजे ३०० इओसिनोफिल. १२,००० असताना ४ टक्के म्हणजे ४८०. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना हा आकडा फसवा कमी येतो, जंतांमुळे वाढतो.

सीओपीडीत, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजारात, हा आकडा फार कामाचा. तिथे बहुतेकदा न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींचा जोर असतो. त्यांचं इलास्टेज हे विकर वायुकोशांच्या भिंती कुरतडतं आणि स्टेरॉइड त्यांना फारसं आवरत नाही. इओसिनोफिल १००च्या खाली असतील तर स्टेरॉइडच्या पंपाचा फायदा थोडा, न्यूमोनियाचा धोका मात्र वाढतो. ३०० किंवा त्याहून जास्त असतील आणि त्रास वारंवार उफाळत असेल, तर तोच पंप उपयोगी पडतो.