बेक्शिन्स्कीच्या वळणाचा अंधार, हार्डबोर्डवर तैलरंगात

पोलंडचे चित्रकार झ्जिस्वाव बेक्शिन्स्की (१९२९–२००५) हार्डबोर्ड स्वतः तयार करून त्यावर तैलरंगात रंगवायचे. हाडं वर आलेली माणसं, ओसाड क्षितिजं, आणि चित्राला नाव नाही. भयचित्र शिकायचं तर त्यांच्याकडूनच, कारण त्यांचा अंधार गंजका, तपकिरी, निळसर असतो आणि त्यात आतपर्यंत दिसत राहतं.

३ मिमी जाडीचा हार्डबोर्ड घ्या, ४० × ५० सेंमी पुरे. गुळगुळीत बाजू २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, नाहीतर जेसो (रंगाखाली द्यायचं पांढरं अस्तर) धरत नाही. जेसोचे तीन हात द्या, एक आडवा, एक उभा, असे आलटूनपालटून. मागची बाजू आणि कडाही सोडू नका. एकाच बाजूला दिलं तर बोर्ड वाकतो, आणि पावसाळ्यात उघड्या कडा ओल धरून फुगतात.

आता बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे फासा आणि उजेड हवा तिथे फडक्याने पुसून काढा. चित्र इथेच ठरतं. कपाळाची कड आणि बोटांची पेरं तेवढी उघडी करा, डोळ्यांच्या खोबणी बुडालेल्याच राहू द्या. रक्त दाखवायचा मोह टाळा. नजर तिथेच अडकते, पुढे सरकत नाही.

ट्यूबमधला आयव्हरी ब्लॅक खालच्या थरात नको. तो तेलकट, सावकाश वाळणारा. वरचा थर आधी वाळला की भेगा पडतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून काळा करा. निळा वाढवला की थंड, अंबर वाढवला की उबदार.

पुढचं काम ग्लेझचं, म्हणजे रंगाच्या पातळ, पारदर्शक थरांचं. पहिल्या ग्लेझला एक भाग जवसाचं तेल, दोन भाग टर्पेंटाइन, नंतरच्यांना समसमान. खालचा थर बोटाला चिकटत असेल तर थांबा. सावलीच्या ग्लेझमध्ये पांढरा मिसळू नका, सावली दुधाळ होते.

वाळल्यावर गडद भाग निस्तेज दिसला तर वरचं तेल खाली शोषलं गेलंय. त्यावर आणखी रंग चढवू नका. समसमान तेल-टर्पेंटाइन फडक्याने अगदी पातळ चोळा, जास्तीचं पुसा, मग रंग पारखा. तेलाचे फडके बोळा करून कधीच ठेवू नका, ते आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

वार्निश सहा महिन्यांनंतर, तेही ग्लॉस. मॅटखाली गडद भाग राखाडी दिसतात.