डेव्हिड हल वाचताना या चुका टाळा

‘प्रजाती हा वर्ग नाही, ती एक व्यक्ती आहे.’ जीवशास्त्राचे अमेरिकी तत्त्वज्ञ डेव्हिड हल (1935–2010) यांचं हे म्हणणं पहिल्यांदा वाचलं की ते अलंकारिक वाटतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. हल यांना ते शब्दशः म्हणायचं होतं.

सोनं हा वर्ग आहे. 79 प्रोटॉनांचा अणू विश्वात कुठेही सापडला तरी तो सोन्याचाच. वाघाचं तसं नाही. दूरच्या ग्रहावर जनुकांपर्यंत हुबेहूब जुळणारा प्राणी आढळला, तरी हल यांच्या हिशेबी तो वाघ नव्हे, कारण तो पृथ्वीवरच्या वाघांच्या वंशातला नाही. प्रजाती एका वंशात जन्मते, पसरते, संपते. एकेक वाघ तिचा नमुना नसून तिचा भाग असतो. म्हणूनच नामशेष झालेली प्रजाती परत येत नाही. तशीच दुसरी उत्क्रांत झाली, तरी ती नवीच. माझ्या मते हल यांच्या साऱ्या विचारांत सर्वांत दूरवर पोचणारा मुद्दा हाच. मात्र तो एकट्या हल यांच्या नावावर टाकू नका. मायकेल गिसेलिन यांनी 1974 मध्ये तो मांडला होता, हल यांनी 1976 आणि 1978 च्या निबंधांत त्याला तात्त्विक बळ दिलं.

यातूनच पुढची गल्लत होते. सर्व माणसांत असेल आणि फक्त माणसांतच असेल असा ‘मानवी स्वभाव’ हल यांना मान्य नव्हता. म्हणजे त्यांनी समतेचा पाया काढून घेतला, असं काही जण समजतात. त्यांचा प्रश्न उलट होता: हक्क मिळायला सगळे मुळात सारखे असायलाच हवेत, हे कुणी ठरवलं?

1965 च्या निबंधात त्यांनी सारतत्त्ववादामुळे, म्हणजे प्रत्येक प्रजातीचं एक न बदलणारं मूळ लक्षण असतं या समजुतीमुळे, सजीवांचं वर्गीकरण दोन हजार वर्षं अडकून पडलं, असं म्हटलं. त्यातला युक्तिवाद घ्या, पण इतिहास जसाच्या तसा घेऊ नका. मेरी विन्सर यांच्यासारख्या इतिहासकारांनी तो खोडला आहे. हल यांचा ‘इंटरॅक्टर’ (नैसर्गिक निवडीत परिस्थितीला सामोरा जाणारा घटक, उदाहरणार्थ एखादा प्राणी) म्हणजे उत्क्रांतीचे अभ्यासक रिचर्ड डॉकिन्स यांचं ‘वाहन’ असंही समजू नका. वाहन जनुकांना फक्त वाहून नेतं, इंटरॅक्टर परिस्थितीशी थेट भिडतो.

‘सायन्स ॲज अ प्रोसेस’ (1988) वाचून मात्र बरेच जण भलताच निष्कर्ष काढतात: वैज्ञानिक श्रेयासाठी भांडतात, म्हणजे विज्ञान भरवशाचं नाही. हल यांनी वर्गीकरणतज्ज्ञांची भांडणं जवळून पाहिली, त्या तज्ज्ञांच्या नियतकालिकातल्या लेखांचे परीक्षण-अहवालसुद्धा तपासले, आणि उत्तर वेगळंच दिलं. श्रेय हवं तर इतरांनी तुमचं काम वापरायला हवं, आणि वापरताना ते तपासलं जातंच. श्रेय चोरलं तर नुकसान एकाचं होतं. आकडे बनावट असतील तर त्यांवर विसंबलेल्या प्रत्येकाचं होतं, म्हणून विज्ञानात त्याची शिक्षा जास्त कडक. स्वार्थ असूनही विज्ञान चालतं ते या व्यवस्थेमुळे.

वाचनाला सुरुवात या जाडजूड पुस्तकापासून करू नका. 1978 चा निबंध आधी घ्या. ‘व्यक्ती’ची कल्पना नीट बसली नसेल, तर पुस्तकात वैज्ञानिक संकल्पनांना वंश कसा असतो, हे हल सांगू लागतात तिथे वाट चुकते.